आप्पा, कथेला नाव दिल्याबद्दल

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

कथा स्वीकारल्याचं पत्र काल आलं. संपादकांनी खाली हाताने लिहिलंय, 'नाव पाहूनच ही आधी वाचायला घेतली.' ते नाव तुमचं. फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही 'त्यात काय येवढं' म्हणून फोन ठेवलात. म्हणून आता चारचौघांत लिहितेय. इथे तरी मला मध्येच तोडता येणार नाही.

कथेने मला छळलं नव्हतं, नावाने छळलं. खरं तर नाव सुचवणाऱ्यांनी. मोठ्या आशेने ज्यांच्याकडे गेले त्या सरांनी (नाव घेत नाही, जिल्ह्यात त्यांना न ओळखणारा विरळा) फक्त विषय विचारला. धरणात गेलेलं गाव आणि तिथली एक म्हातारी माहेरवाशीण, असं म्हटल्याबरोबर 'बुडालेलं माहेर' ठेवा म्हणाले. पानं टेबलावर तशीच. वर 'विस्थापन कुठेतरी यायला हवं' हा सल्ला. एका अंकाने कथा परत पाठवली, सोबत एकच ओळ: शीर्षक कॅची हवं. घरच्या ग्रुपवर मतदान झालं, त्यात 'अश्रूंचा डोह' निवडून आलं. आतेभावाने सासुरवाडीकडूनही मतं आणली होती, असा माझा संशय आहे.

यातल्या एकानेही कथा वाचली नव्हती.

वाचली असती तर कळलं असतं, की गाव पाण्याखाली गेलंय हे शेवटच्या पानापर्यंत कुठेही येत नाही. तोवर फक्त आखाजी आहे, म्हणजे आपल्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. झोके आहेत, गौराईची गाणी आहेत, आणि कुंभाराकडून नवी घागर आणून ती भरणारी, वर डांगर, आंबा, सांजोऱ्या ठेवणारी म्हातारी आहे. सासरच्या पितरांची घागर भरून झाली तरी ती आणखी एक घागर घेऊन लांब कुठेतरी पाण्याला जाते. सुना कुरकुरतात. का जाते, ते शेवटी. आता 'बुडालेलं माहेर' वर छापल्यावर आत वाचायला उरलं काय? बातमीला ते शोभतं, तिथे मथळ्यातच सगळं सांगून टाकायचं असतं. कथेचं नाव म्हणजे दारात उभं राहून आतलं भांडण गल्लीला ऐकवणारं पोर नव्हे.

तुमच्या प्रेसमध्ये मी कथा नुसती टाइप करून घ्यायला आले होते. दुपारची वेळ, तुमचा डबा उघडलेला. 'ठेवा, बघतो,' म्हणालात आणि जेवता जेवता पहिलं पान उचललंत. मग हात धुऊन आलात, डब्याला झाकण लावलंत आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचत बसलात. अर्धी भाकरी तशीच, शेवभाजीवर तेलाची साय धरलेली. बाहेर लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक हाका मारत होतं, त्याला तुम्ही हातानेच थांबवलंत. आप्पा, माझ्या लिहिण्यासाठी आजवर कोणी जेवण अर्धवट सोडलं नव्हतं. नाव मिळालं नसतं, तरी हे पत्र मी लिहिलंच असतं.

मग चष्मा काढून म्हणालात, "डोकरी गोष्टभर घागरच भरस ना? मंग दुसरं नाव काब्र शोधतस?"

'आखाजीची घागर'. झालं. आधी वाचलं तर सणाची गोष्ट वाटते, काही फुटत नाही. शेवट वाचून पुन्हा वर नजर गेली की ती घागर कुठल्या पाण्याने भरलीय ते लक्षात येतं आणि पोटात कालवतं. एकच नाव दोनदा वाचायला लावणं मला सुचलं नसतं.

छपाईचे खिळे जुळवण्यात तुमची निम्मी हयात गेली. अनुक्रमणिकेत नाव एका ओळीत बसावं आणि वाचणाऱ्याने पान उलटून त्या कथेकडे जावं, एवढंच बघायचं, असं तुम्ही जाता जाता म्हणालात. १९०९ साली 'मासिक मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून अंक हातात आला की आपण आधी अनुक्रमणिकाच चाळतो. तरी शीर्षकावर तासभर बोलणाऱ्या वक्त्यांकडून मी हे कधी ऐकलं नाही. २०२४ मध्ये ९७ वं साहित्य संमेलन तुमच्याच अमळनेरला भरलं. तुम्ही मांडवात गेला होतात की प्रेसमध्येच होतात, हे विचारायचं राहिलंय.

आपल्याकडे अशी माणसं तालुक्या-तालुक्याला आहेत. ग्रंथालयात पुस्तक काढून देता देता 'हे नको, ते वाचा' म्हणणारी, एसटीत आपलं ओझं न विचारता वर चढवणारी. सत्कार मात्र भलत्यांचे होतात. परवा सर भेटले, म्हणाले, "मला पहिल्यापासून असंच काहीतरी अभिप्रेत होतं." मी 'हो का' म्हटलं आणि पुढे झाले.

अंक आला की पहिली प्रत तुम्हाला. दुसरी कथा सोबत पाठवतेय, वरची ओळ कोरी ठेवलीय. पण टायपिंगचे पैसे या वेळी घ्यायचे. मागच्यासारखं 'राहू द्या' म्हणालात, तर मी ते काकूंच्या हातात देऊन येईन.

आपली,
चोपड्याची मास्तरीण