औद्योगिक भांगेचे बियाणे कोकणातच घडू द्या : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी ठाण्यात राहतो आणि शहापूर तालुक्यात बियाणे निवडीचे काम करतो. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील कलम १४ नुसार धागा व बी यांसाठी भांगेच्या लागवडीस सरकार परवानगी देऊ शकते आणि उत्तराखंडने २०१८ मध्ये तशी वाट मोकळीही केली. आपल्याकडे परवान्याची मागणी होते. बियाणे कोणते, हे मात्र कुणी विचारत नाही.

भांग हे लहान दिवसात फुलणारे झाड आहे. युरोपातील वाण तिथल्या उन्हाळ्यातील पंधरा-सोळा तासांच्या दिवसांत घडले. ठाण्याचा सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. ते वाण येथे पेरले, तर उंची धरण्याआधीच फुलोऱ्यावर येतात आणि धाग्यासाठी लांब खोड मिळत नाही. म्हणून उशिरा फुलणारे आणि पहिल्या महिन्यात झपाट्याने वाढणारे वाण येथेच निवडावे लागतील.

या जोमाची किंमत मला बोरूने, म्हणजे हिरवळीच्या खतासाठी पेरतात त्या तागाच्या पिकाने, शिकवली. गेल्या खरिपात एकाच दिवशी दोन ओळी पेरल्या. एकीचे बी आदल्या वर्षी सर्वांत आधी उंचावलेल्या झाडांचे होते, दुसरीचे सरसकट गोळा केलेले. विसाव्या दिवशी पहिल्या ओळीची पाने एकमेकांना भिडली होती आणि खाली तण जवळपास नव्हते; दुसरीला दोनदा खुरपणी लागली.

भांगेत हे काम अधिक अवघड आहे, कारण नर-मादी झाडे बहुधा वेगळी असतात आणि पराग वाऱ्यावर दूरवर जातो. मरगळलेले नर पराग सुटण्याआधीच उपटावे लागतात. जवळच्या नात्यातील संकर वारंवार केला, तर ज्या जोमासाठी खटाटोप केला तोच पुढच्या पिढ्यांत खचतो. शिवाय नशा आणणारा टीएचसी हा घटक ०.३ टक्क्यांच्या आत आहे ना, हे प्रत्येक पिढीत तपासावे लागते. हे शेतकऱ्याच्या बांधावर होणारे काम नव्हे.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत केंद्राने भाताचे वाण दिले आहेत. तेथे कुंपणाच्या आत, गृह व उत्पादन शुल्क विभागांच्या देखरेखीखाली, या निवडीसाठी एक प्रक्षेत्र मंजूर करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिली पेरणी पावसाच्या तोंडावर व्हायला हवी. त्यामुळे आदेश मार्चपर्यंत निघाला, तरच येता खरीप हाती लागेल.

आपला,
ठाण्यातील एक बियाणे निवडकार