हप्ता की पुस्तक?

प्रिय बंड्या,

बरेच महिने पत्र नाही, रागावला असशील. इकडे सगळे ठीक, आईचे गुडघे तसेच.

तुझी कादंबरी मासिकात क्रमशः येणार असं कळलं आणि 'होम्स विरुद्ध हर्स्ट' हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा कॉपीराइटवरचा निकाल पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचला. तेव्हापासून तो निकाल डोक्यातून जात नाही, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

डॉ. होम्स ह्या अमेरिकी लेखकाचं 'द ऑटोक्रॅट ऑफ द ब्रेकफास्ट-टेबल' नोव्हेंबर १८५७ ते ऑक्टोबर १८५८ असं बारा हप्त्यांत 'अटलांटिक मंथली' मासिकात आलं. एकाही अंकाची कॉपीराइटसाठी नोंद लेखकाने केली नाही, प्रकाशकानेही नाही. पुस्तकाचं शीर्षकपान न्यायालयाच्या कारकुनाकडे गेलं ते २ नोव्हेंबर १८५८ ला. १८३१ च्या अमेरिकी कायद्यात क्रम पक्का होता: प्रकाशनाआधी छापील शीर्षकपान दाखल करायचं, नोंदीचे ५० सेंट भरायचे, शीर्षकपानावर किंवा लगतच्या पानावर ठरावीक सूचना छापायची, तीन महिन्यांत प्रत जमा करायची. सगळं अडलं ते त्या 'प्रकाशनाआधी'वर. होम्सच्या बाजूचं म्हणणं अगदी तुझंच: हप्ता म्हणजे पुस्तक नव्हे, मग पुस्तक प्रकाशित झालंच कुठे? (वसतिगृहात 'बांधणी नाही तर पुस्तक नाही' असं तू टेबलावर मूठ आपटून सांगायचास. त्या पैजेचा चहा अजून येणे आहे.)

२४ एप्रिल १८९९ ला न्यायमूर्ती ब्राउन यांनी ते फेटाळलं. हक्क कागदाच्या गठ्ठ्यावर नसतो, नुसत्या कल्पनेवरही नसतो. लेखकाने विचार मांडायला जी शब्दरचना निवडली, तिच्यावर असतो. ती रचना तर बारा अंकांतून लोकांच्या हाती गेलीच होती. म्हणजे मजकूर सार्वजनिक, आणि मासिकातून तो उचलणारा हर्स्ट सुटला.

मला छळतं ते हेच. ब्राउन यांनी पुस्तकाची केलेली व्याख्या मला आजही शंभर टक्के पटते. लेखकाला जपायला ह्याहून भक्कम पाया नाही, आणि त्याच पायावर उभं राहून लेखकाचा हक्क काढून घेतला! दोष व्याख्येचा नाही, नोंदीवर हक्क टांगून ठेवणाऱ्या कायद्याचा आहे. होम्स १८९४ मध्येच वारले होते. त्यांच्या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून लढला तो मुलगा, जो पुढे १९०२ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाला. त्या कायद्यातली २८ वर्षं आणि नूतनीकरणाची १४ धरली तर ह्या पुस्तकाचा हक्क १९०० मध्ये तसाही संपणारच होता.

मिफ्लिन ह्या प्रकाशकाचे १९०३ चे खटले तर आणखी कडू. होम्स यांच्याच 'द प्रोफेसर अॅट द ब्रेकफास्ट-टेबल'चे शेवटचे दोन हप्ते आले तेव्हा मासिकाची नोंद नव्या प्रकाशकाने स्वतःच्या नावाने केली होती. न्यायालय म्हणालं, ह्या नोंदीने लेखकाचा हक्क राखला जात नाही. हॅरिएट बीचर स्टो बाईंच्या 'द मिनिस्टर्स वूइंग' ह्या कादंबरीलाही तोच न्याय.

आपल्याकडे १९५७ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची नाही. लिहिलंस की हक्क तुझा. तू मासिकाचा नोकरही नाहीस, की हक्क मासिकाकडे जावा. धोका आहे तो संपादकांच्या पत्रातल्या 'सर्व हक्कांसह' ह्या दोन शब्दांत. त्याखाली सही करू नकोस. हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. तू स्वतःच लिहून दे: 'मासिकात एकदाच क्रमशः छापण्याची परवानगी, पुस्तक, अनुवाद, श्राव्य आणि चित्रपटाचे हक्क लेखकाकडे.' मानधनाचा आकडाही त्यातच घाल. प्रत्येक हप्त्याखाली तुझं नाव आणि वर्ष छापून घे.

वहिनींची बदली झाली का? धाकटीची दहावी ना यंदा? सविस्तर कळव. मसुदा पाठव, सही करण्याआधी.

तुझाच,
अण्णा