पहाटेच्या पाण्यासाठी माणसं हवीत, बाटल्या हव्यात

नदीकाठच्या बंधू-भगिनींनो,

बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) बसले की आपल्या शिरोळ तालुक्यात पंचगंगा थबकते. वरून सांडपाणी येतच राहतं, कधी मळीचं काळं पाणीही येतं, आणि पुढं जायला वाट नसते. ही घाण कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. मग एखाद्या सकाळी काठाला मेलेल्या माशांचा खच दिसतो.

मासे जगायला लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, असं सरकारी निकषच सांगतो. २० अंशाच्या पाण्यात तो ९ पर्यंत मावतो, ३० अंशाला साडेसात. उन्हाळ्यात मुळातच कमी, त्यात घाण.

घात होतो तो पहाटे. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच तो घेतं. त्यामुळं उजाडायच्या आधी पातळी सगळ्यांत खाली जाते, मासे पाण्यावर तोंड काढून आ वासतात. नमुना घ्यायला माणूस येतो तोवर ऊन वर आलेलं असतं. दुपारच्या आकड्यावरून पहाटेचं काय कळणार?

"मरळ मिळतीय की अजून," असं काहीजण म्हणतात. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते, म्हणून ती तगते. रोहू-कटल्याला ती सोय नाही.

म्हणून आपल्या ग्रामपंचायतीच्या नदी समितीनं ठरवलंय: पहिल्या पावसापर्यंत आठवड्यातून तीनदा, पहाटे, आपणच नमुने घ्यायचे. पहिला पाऊस चुकवायचा नाही, कारण साठलेली सगळी घाण तेव्हाच एकदम हलते.

त्यासाठी घट्ट बुचाच्या ३०० मिलीच्या काचेच्या बाटल्या, रसायनं, हातमोजे, विजेऱ्या आणि लाइफ जॅकेट हवीत. नमुन्यात काठावरच दोन रसायनं घालायची. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर पाणी गुदमरलंय. नेमका आकडा काढायला रसायनशास्त्राचे शिक्षक हवेत. भोई बांधवांनी नावेसह यावं ही खास विनंती. डोह कुठं, धार कुठं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही.

वर्गणी ग्रामपंचायतीत पावती घेऊनच द्या. खर्च दरमहा फलकावर लागेल, आणि त्याच्या शेजारी पाण्याचे आकडेही, जसे निघतील तसे.

येत्या रविवारी पहाटे पाचला घाटावर जमू. लहान मुलांना आणू नका, ॲसिड हाताळायचं आहे.

आपली,
नदी समिती