पिन्या कोलाडात दूध कशाला?

महोदय,

गेल्या पंधरवड्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत पिन्या कोलाडा या रमच्या पेयाची कृती प्रसिद्ध झाली आणि त्याच आठवड्यात मुंबईहून आमच्याकडे आलेल्या भाच्याने ते कात्रण ओट्यावर ठेवून, ओळ न ओळ पाळून, ते पेय करून पाहिले. ताज्या अननसाच्या फोडी, पेलाभर थंड दूध, तीन चमचे साखर, नारळाच्या दुधाचे एक तयार पाकीट आणि ‘अर्धा ग्लास रम’ हे सारे मिक्सरमधून फिरवून त्याने सूचनेप्रमाणे तासभर फ्रिजमध्ये ठेवले. बाहेर काढले तेव्हा वर गुठळ्या जमल्या होत्या, खाली पिवळट पाणी सुटले होते आणि घोट घेताच तोंड कडू झाले. रमच वाईट निघाली, असे भाच्याचे म्हणणे पडले. मला मात्र दोष रमचा नसून छापलेल्या कृतीचा वाटतो, आणि आणखी चार घरी चांगला अननस वाया जाऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलिन नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते प्रथिनांचे तुकडे करते, त्यामुळे दूध नासल्यासारखे होते आणि त्या तुकड्यांचीच चव कडू लागते. शिवाय अननसाचा आंबटपणा असतोच. हे विकर आमच्या आई-आजींना नावाने ठाऊक नव्हते, तरी अननसाच्या फोडी साखरेत शिजवून गार केल्याखेरीज त्या कधी दह्याच्या रायत्यात पडत नसत. उष्णतेने विकर निकामी होते, म्हणून डबाबंद रसाने असा घोटाळा होत नाही. ताजा अननस आणि दूध एकत्र करून वर तासभर ठेवायला सांगणे म्हणजे विकराला मोकळे रान देणे आहे.

या पेयात दुभत्याचे काहीच नसते असे मात्र मी म्हणणार नाही. पोर्तो रिको या कॅरिबियन बेटाची राजधानी सान हुआन येथील करिबे हिल्टन हॉटेलात रामोन मारेरो या बारटेंडरने १९५४ मध्ये हे पेय प्रथम केले असे सांगितले जाते, आणि त्या हॉटेलच्या कृतीत नारळाच्या क्रीमबरोबर थोडी दाट सायही आहे. पण सायीत स्निग्धांश भरपूर आणि प्रथिने थोडी असतात, आणि तिथे पेला लगेच गिऱ्हाइकाच्या हाती जातो. त्याच शहरातील बारराचिना हे उपाहारगृह १९६३ मधील आपल्या बारटेंडरचा दावा आजही दारावरच्या पाटीने मिरवते. हा वाद मिटो न मिटो, १९७८ मध्ये पोर्तो रिकोने पिन्या कोलाडाला आपले अधिकृत पेय ठरवले. आपल्या लेखात त्याला ‘हवाईचे पेय’ म्हटले आहे, ते तेवढ्यासाठी दुरुस्त व्हावे. नावाचा अर्थही कृतीच्या कामाचा आहे: स्पॅनिश भाषेत पिन्या म्हणजे अननस आणि कोलाडा म्हणजे गाळलेला. आपण मात्र चोथ्यासकट प्यायला सांगितले आहे.

दुसरी चूक नारळाची आहे, आणि कोकणात राहणारीला ती अधिक खटकते. या पेयात ‘क्रीम ऑफ कोकोनट’ म्हणून जे घालतात ते नारळाचे साधे दूध नव्हे. ते साखर घालून दाट केलेले असते. पोर्तो रिको विद्यापीठातील रामोन लोपेस इरिसारी यांनी ते तयार करण्याची सोपी रीत बसवली आणि ‘कोको लोपेस’ या नावाने त्याचे डबे निघाले, तेव्हा कुठे बारमध्ये नारळ खवत बसण्याचा त्रास वाचला. आपल्याकडील पाकिटातले दूध बिनसाखरेचे आणि पातळ असते. त्याने पेयाला अंग येत नाही, मग ते आणण्यासाठी कोणीतरी दूध ओतते आणि पुढचे सारे रामायण घडते.

आम्ही दुसऱ्या दिवशी जे केले ते असे. एक नारळ खवून, अर्धी वाटी कोमट पाणी घालून वाटला आणि पंच्यातून पिळून पहिला दाट रस काढला. सोलकढीसाठी काढतो तोच रस. फक्त दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याचा पातळ रस यात मिसळायचा नाही, तो आमटीला ठेवावा. वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर आणि चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळले. उकळी येऊ देऊ नये, नाहीतर रस फुटतो, हे इकडे कोणाला सांगावे लागत नाही. गार झाल्यावर तो बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला, तर दोन-तीन दिवस चांगला राहतो. वर तेलकट थर धरतो, तो ढवळून घ्यावा. अननस पूर्ण पिकलेला, बुडाशी गोड वास येणारा निवडावा, कारण झाडावरून उतरवल्यावर तो मऊ होतो पण अधिक गोड होत नाही. क्यू जातीचा मोठा रसाळ अननस मिळाला तर रस भरपूर निघतो. क्वीन जातीचा लहान अननस अधिक गोड असतो, त्याला साखर थोडी कमी लागते. अर्ध्या फोडींचा रस काढून गाळावा आणि अर्ध्या फ्रीजरमध्ये गोठवून बर्फाऐवजी वापराव्यात, म्हणजे पेय दाट होते आणि पाणचट होत नाही. एका पेल्याला ५० मिलिलीटर रम, ३० मिलिलीटर नारळाचा हा गोड रस आणि ५० मिलिलीटर अननसाचा रस, हे बारटेंडरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे प्रमाण आहे. आम्ही त्यात गोठवलेल्या फोडी आणि लिंबाचे चार थेंब घातले. मिक्सर अर्धा मिनीट फिरवून लगेच प्यायला दिले. चव काय सांगावी! भाच्याने रमवरचा आरोप मागे घेतला.

रम पांढरी असावी. आपल्याकडे घरोघरी असते ती काळी रम, आणि तिने रंग मातकट होतो. चव बिघडते असे नाही, पण कॅरॅमल आणि व्हॅनिलाचा वास नारळावर बसतो.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. ‘अर्धा ग्लास रम’ हे माप होत नाही. घरातला स्टीलचा पेला २५० मिलिलीटरचा धरला तर अर्धा म्हणजे १२५, म्हणजे दोन मोठ्या पेगांहून अधिक. आपल्याकडील बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेले असते. त्या हिशेबाने एका पेल्यात ४० ग्रॅमहून जास्त शुद्ध मद्यार्क जातो, तर ५० मिलिलीटरमध्ये सुमारे १७ ग्रॅम. गोड आणि थंड पेयात रमची धार जाणवत नाही आणि पाहुणा सरबतासारखा दुसरा पेला मागतो. महाराष्ट्रात अशा मद्यासाठी परवाना लागतो आणि वय २५ पूर्ण असावे लागते, हेही कृतीखाली एका ओळीत छापता आले असते.

लेखाच्या शेवटी ‘या पाश्चात्त्य पेयाशी आपले काही नाते नाही’ असे वाक्य आहे. अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा; पोर्तुगीजांनी तो इकडे आणला आणि नावही तिकडच्या तुपी भाषेतून आले. उलट नारळ सोळाव्या शतकात हिंदी महासागराच्या काठावरून अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर गेला, आणि ज्याची रम होते तो ऊसही आशियाकडूनच तिकडे पोचला. फळांच्या रसात मद्य मिसळण्याच्या ‘पंच’ या प्रकाराचे नाव ‘पाच’ वरून आले, असे जॉन फ्रायर या इंग्रज प्रवाशाने सतराव्या शतकात लिहिले आहे आणि त्यासाठी गोव्यातील नेरूळच्या दारूची तारीफ केली आहे. व्युत्पत्तीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, तरी नेरूळ आमच्यापासून काही फार दूर नाही.

पुढील रविवारी दुरुस्तीची चौकट छापलीत तर त्यात दूध वगळल्याचे सांगावे आणि रमचे माप मिलिलीटरमध्ये आवर्जून द्यावे, ही विनंती. नाव प्रसिद्ध करू नये. भाचा अजून आईला भितो.

आपली एक वाचक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग