प्रश्न सैनिकाला नको, सही करणाऱ्याला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमेवर तणाव वाढला की तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'जवान लढत असताना सरकारला प्रश्न कसले विचारता?', 'सैनिकाने फक्त हुकूम पाळायचा' आणि 'त्या देशाचा माल घेऊ नका, बारकोड बघा'. बोलणारे बहुधा मनापासून बोलतात, म्हणून उत्तरही नेमके द्यायला हवे.

आधी बारकोड, कारण तिथली चूक घरबसल्या पडताळता येते. १३ अंकी बारकोडचे पहिले तीन अंक ६९० ते ६९९ असतील तर चीन, ८९० असेल तर भारत, असा संदेश फिरत असतो. अंक बरोबर आहेत, अर्थ चुकीचा आहे. कंपनीने आपला क्रमांक जीएस-१ या संस्थेच्या कोणत्या देशातल्या शाखेकडून घेतला, एवढेच ते अंक सांगतात. कारखाना कुठला, हे त्यावरून कळत नाही. ८९० ने सुरू होणारी वस्तू चीनमध्ये बनलेली असू शकते. कोणतेही अलीकडचे पुस्तक उलटून पाहा. ते कुठेही छापलेले असो, मागचा बारकोड ९७८ किंवा ९७९ ने सुरू होतो.

खरेच निवड करायची असेल तर वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचावा. निर्मिती, जुळणी, पॅकिंग आणि विपणन या चार वेगळ्या गोष्टी आहेत. 'विपणन' या शब्दापुढचा पत्ता कार्यालयाचा असू शकतो. 'उगम देश' ठरवण्याचे नियमही गुंतागुंतीचे आहेत. साधारणपणे वस्तूचे शेवटचे मोठे रूपांतर जिथे झाले तो देश धरतात. त्यासाठी कुठे शुल्क-वर्गीकरणाच्या क्रमांकाचे पहिले चार अंक बदलले का ते पाहतात, तर कुठे मूल्यवृद्धीची टक्केवारी. त्यामुळे फोनवर नाव एका देशाचे, पण पडदा दुसरीकडचा, चिप तिसरीकडची, असे सर्रास असते. शिवाय शेल्फवरच्या मालाचे पैसे परदेशी उत्पादकाला बहुतेक वेळा आधीच पोचलेले असतात. तो माल पडून राहिला तर पहिला फटका दुकानदाराला बसतो. उत्पादकापर्यंत झळ पोचते ती पुढच्या मागण्या घटल्या तरच, म्हणजे बहिष्कार महिनोन्महिने टिकला तर. तो जरूर करावा, पण आयात शुल्क, आयातबंदी आणि सरकारी खरेदीच्या अटी ही मोठी हत्यारे सरकारच्या हातात असतात. ती वापरली का, हे विचारायचे सोडून शेजाऱ्याच्या पिशवीत डोकावणे मला अन्यायाचे वाटते.

आता हुकुमाबद्दल. सैनिकाला बांधील असतो तो कायदेशीर हुकूम. वरिष्ठाने सांगितले एवढ्यावर जबाबदारी टळत नाही, हे नाझी युद्धगुन्हेगारांवरच्या खटल्यांतून आलेल्या आणि १९५० मध्ये शब्दबद्ध झालेल्या न्युरेंबर्ग तत्त्वांत स्पष्ट आहे; नैतिक निवड करणे शक्य होते का, हे तिथे पाहिले जाते. १६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय इथे अमेरिकी सैनिक निःशस्त्र गावकऱ्यांना मारत होते. तेव्हा ह्यू थॉम्पसन या अमेरिकी वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर मध्ये उतरवून काही जणांना वाचवले. १९९८ मध्ये त्याचा आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांचा पदक देऊन गौरव झाला. त्या हत्याकांडात सामील असलेला अधिकारी लेफ्टनंट कॅली याने मात्र 'मला हुकूम होता' असा बचाव केला. तो टिकला नाही आणि १९७१ मध्ये तो दोषी ठरला. पण युद्ध करायचे की नाही, कोणत्या साधनांनिशी करायचे, हे सैनिक ठरवत नाही. ते सरकार ठरवते, आणि प्रश्न तिथेच जायला हवा.

तोही युद्ध चालू असताना. दुसऱ्या महायुद्धात, ७ आणि ८ मे १९४० रोजी, ब्रिटिश संसदेत नॉर्वे मोहिमेच्या अपयशावर चर्चा झाली. सरकारने २८१ विरुद्ध २०० मतांनी ठराव जिंकला, तरी स्वपक्षीयांनीच साथ सोडल्यामुळे १० मे रोजी पंतप्रधान चेंबरलेन यांना पायउतार व्हावे लागले. अमेरिकी सिनेटची ट्रुमन समिती तर संपूर्ण युद्धकाळात लष्करी कंत्राटे तपासत होती. विमानांची सदोष इंजिनेही तिने उजेडात आणली.

प्रश्न मात्र घट्ट हवा. 'सरकार झोपले होते का?' याला उत्तरच देता येत नाही. बुलेटप्रूफ जॅकेटांचेच घ्या. मागणी कोणत्या तारखेला गेली, मंजुरी कधी मिळाली, करार कधी झाला, पहिली खेप कधी आली, तपासणीत किती नग नाकारले? या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की फाइल कोणत्या टेबलावर अडकली ते दिसते. तुकड्यांच्या हालचाली आणि शस्त्रसाठा गुप्त राहायलाच हवा. दोन वर्षांपूर्वीच्या विलंबावर कोणाची सही होती, यात शत्रूच्या कामाचे काही नसते. कोणी कोटींचा आकडा सांगितला तर तो तरतुदीचा, सुधारित अंदाजाचा की प्रत्यक्ष खर्चाचा, हे आधी विचारावे. तरतूद वर्षाच्या सुरुवातीला वाजतगाजत जाहीर होते. लेखापरीक्षित खर्च बऱ्याच उशिरा प्रसिद्ध होतो, आणि तोवर त्या चर्चेत कोणालाच रस उरलेला नसतो.

आपला,
एक वाचक