ताईने समजावलेले ‘अनेक’

चि. अमोल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू न जेवताच सिद्धेश्वर एक्स्प्रेसला निघून गेलास, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, आणि ताईचा विषयही काढायचा नाही असे ठरवूनच बसलो आहे. काल शेजारच्या नातवाने मोबाईलवर चिमण्यांची ती फिल्म लावली, ‘एक अनेक और एकता’, आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

ती कधी लागेल याचा नेम नसे. दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये अचानक सुरू व्हायची आणि तू बोळातूनच “चिमण्या लागल्या” असे ओरडत यायचास. मग तुम्ही दोघे काकूंच्या दारात जाऊन बसायचे. पारध्याने जाळे टाकले की तू दर वेळी ताईचा हात घट्ट धरायचास, आणि उंदीर जाळे कुरतडेपर्यंत सोडायचा नाहीस. वीज गेली की कारखान्यातले माग आणि तो टीव्ही एकदमच बंद पडायचे. तशा शांततेत तुझे रडणे मला मागाजवळून ऐकू येई.

एकदा तू विचारलेस, अनेक म्हणजे काय? फिल्ममधला धाकटाही दीदीला हेच विचारतो. ताईने तुझ्या आईच्या टोपलीतून एक कांडी काढून तुझ्या हातात ठेवली, “हे एक” म्हणाली, आणि मग टोपलीच उपडी केली. सूत गुंतले म्हणून बोलणी तिने एकटीने खाल्ली. तू विचारले होतेस, हे तिने आईला सांगितले नाही.

ही फिल्म 1974 साली फिल्म्स डिव्हिजनसाठी विजया मुळे यांनी केली, चित्रे भीमसैन यांची, संगीत आपल्या वसंत देसाईंचे, आणि गाणारी मुलगी म्हणजे लहानपणीची साधना सरगम. आपण ती कायम काळ्या-पांढऱ्या पडद्यावर पाहिली, त्यामुळे तिचे रंग मी काल प्रथमच पाहिले. चित्रे अगदी साधी आहेत, हालचाल मोजकीच, पण त्या धाकट्या चिमणीचा धीर माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही पोहोचतो.

पुन्हा तिथेच येतो आहे, क्षमा कर. घराच्या कागदावरून दिवाळीत जे बोलणे झाले त्यात चूक कोणाची, हे मी ठरवणार नाही. पण मोठ्या बहिणीला “तुझा काय संबंध” असे विचारू नये. ज्याने स्वतःच्या पगारातून बापाचे कर्ज फेडले, आणि ज्याच्याबद्दल मी चारचौघांत मान वर करून बोलतो, त्याच्या तोंडी ते शोभत नाही. हे शिकवणे झाले. तू पंचेचाळिशीकडे आला आहेस, तुला मी काय सांगावे? मला भीती एवढीच वाटते की माझ्यानंतर तुम्हा दोघांना एका खोलीत बसवणारे कोणी उरणार नाही. तुझी आई असती तर तिने हे पत्र लिहायची वेळच येऊ दिली नसती.

तुझ्या पिशवीत शेंगाचटणीचे दोन डबे आहेत. वरचा मी बाजारातून आणला. खालचा, कमी तिखटाचा, ताईने तुझ्या पोटासाठी कुटून आणून दिला आणि तुला सांगू नका म्हणाली. मी सांगितले.

फोन करायचाच झाला तर सातनंतर कर. तोपर्यंत ती शिलाईच्या कामात असते.

तुझे,
बाबा