डिझेलच्या शेगडीकडे रोज पाहावेच लागते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात छोट्या बोटींवर संसार थाटणाऱ्या मराठी जोडप्यांविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख मनापासून लिहिला आहे, फोटोही सुंदर आहेत. पण डिझेलची शेगडी एकदा पेटवली की हिवाळा संपेपर्यंत तिच्याकडे बघायला नको, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात आहे. ते वाचल्यापासून मला चैन नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही दोघे चार वर्षांपासून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूवर बेटावरच्या एका धक्क्याला बांधलेल्या छत्तीस फुटी लाकडी बोटीवर राहतो. पूर्वी ती सामन माशांच्या मासेमारीची बोट होती. त्याआधीची माझी नोकरी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात परिचारिकेची, त्यातली सहा वर्षे भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात गेली. म्हणजे शेगडी आणि माणूस या दोन्हींच्या बाजूने मला थोडेफार कळते.

ही शेगडी आपल्याकडच्या स्टोव्हसारखी नाही. तिला पंप नाही, पिन नाही, वात नाही. वर तेलाची टाकी, टाकीतून उतरणारी तांब्याची नळी, नळीच्या टोकाशी झडप. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो तसाच एक लहानसा या झडपेत असतो. तो तेलाची पातळी सारखी राखतो आणि तिथून थेंब थेंब तेल बर्नरच्या भांड्यात उतरते. भांड्याचा तळ तापलेला असतो, तेल त्याला टेकले की वाफ होते. भांड्याच्या भिंतींना चाळणीसारखी भोके असतात, त्यांतून हवा येते आणि वाफ जळते. तेल येते ते स्वतःच्या वजनाने आणि हवा येते ती धुराड्याच्या ओढीने, ढकलणारे कुणी नाही. म्हणून ती विजेवाचून चालते आणि म्हणूनच एवढ्यातेवढ्याने बिघडते.

तिच्यावर माझा जीव आहे, हे आधी सांगते. इथे डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि पाऊस आठवडाभर थांबत नाही. लिटरभर डिझेल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते. पण ते वाफ होऊन धुराड्यातून बाहेर जाते. गॅसवर रांधले की तीच वाफ केबिनमध्ये राहते, भिंतींना ओल येते, गाद्यांना बुरशी धरते. या शेगडीच्या बिडाच्या पाटीवर मी भाकरी भाजते, खालच्या भट्टीत रताळी ठेवते आणि ओले मोजे वरच्या दांडीवर टाकते. दिवसाला चार-पाच लिटर तेलात स्वयंपाक आणि ऊब दोन्ही होतात.

गेल्या नोव्हेंबरात ती बिघडली. पहिल्यांदा ज्योत केशरी झाली आणि तिची टोके धूर सोडू लागली. मग शेजारच्या बोटीच्या पांढऱ्या डेकवर काजळीचे ठिपके दिसू लागले, आणि शेजारीण बिचारी काही न बोलता रोज सकाळी ते पुसायची. आम्ही धुराडे झाडले, फिल्टर बदलला, फिल्टरखालच्या वाटीतले पाणी काढले. थंडीत डिझेल दाट होते आणि त्याच खुणेवर तेल कमी उतरते, म्हणून यजमानांनी झडप आणखी एक खूण उघडली. धूर वाढला. एका कारागिराने येऊन पाहिले आणि झडपच बदला म्हणून सांगितले. किंमत ऐकून यजमान गप्प बसले.

मला उलगडा झाला तो धिरड्यामुळे. रविवारी सकाळी तांदळाच्या पिठाची धिरडी घालत होते. पाटीवर पीठ ओतले की ते गोल पसरायचे सोडून दर वेळी डावीकडे ओघळत होते, आणि धिरडे एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला जाळी. तिसऱ्या धिरड्याला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऑक्टोबरात आम्ही डाव्या बाकाखाली चार नव्या बॅटऱ्या बसवल्या होत्या. सव्वाशे किलो वजन. बोट एवढीशी कलली होती, पायांना कळत नव्हते, पण पिठाला कळत होते. झडप तिरकी झाली की गोळ्याचा हिशेब चुकतो, आणि आमच्याकडे ठरल्यापेक्षा जास्त तेल उतरत होते. त्यात भांड्याच्या तळाशी तेल एकाच कडेला साचते. हवा मात्र होती तेवढीच. कंदिलाची वात वर झाली की काच काळी होते, हे माझ्या आईने मला सात वर्षांची असताना शिकवले होते. इथेही नेमके तेच चालले होते आणि आम्ही झडप उघडून वात आणखी वर करत होतो.

नांगराची जास्तीची साखळी आणि पाण्याचे कॅन उजवीकडे हलवले. झाऱ्याच्या दांड्याएवढी एक पातळी मोजायची पट्टी असते, तिच्यातला बुडबुडा पाटीवर मध्यभागी येईपर्यंत सामान सरकवत राहिलो. मग शेगडी पूर्ण थंड करून भांडे उघडले. तळाशी करपलेल्या दुधाच्या खरडीसारखा काळा थर, बोटभर जाड, आणि तेल येण्याचे तोंड निम्मे बुजलेले. महिनाभर जादा तेल खाल्ल्याचा तो परिणाम. तो खरवडला, तोंडात सळई फिरवली, भिंतींची भोके एकेक करून मोकळी केली. संध्याकाळी पेटवली तेव्हा ज्योत स्वच्छ पिवळी, टोकाला धूर नाही. झडप तीच, जुनी.

एवढ्यावर थांबले असते तर हे पत्र लिहिले नसते. त्याच महिन्यात मला रोज सकाळी डोके जड वाटायचे, मळमळायचे, आणि डेकवर जाऊन चहा प्यायले की बरे वाटायचे. बोटीवर मळमळले की माणूस म्हणतो, बोट लागली. मी तर ती सर्दी समजले. गार झोत येतो म्हणून छतातल्या हवेच्या झरोक्यात मीच जुन्या गोधडीचा तुकडा कोंबला होता. त्यात स्वयंपाक करताना वास बाहेर फेकणारा पंखा लावायचा. केबिन सगळीकडून बंद असली की तो पंखा हवा कुठून ओढणार? धुराड्यातूनच. धूर वर जायचा तो उलटा खाली येतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवते. कोरोनाच्या काळात घराघरांत आलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो: मोनॉक्साइड धरलेले रक्त त्याला प्राणवायूचेच वाटते आणि तो अठ्ठ्याण्णव दाखवत राहतो. मीही लावून पाहिला होता, आणि आकडा बघून निश्चिंत झाले होते. आमच्या भिंतीवर या वायूचा इशारा देणारे यंत्र होते. खाली काढून पाहिले तर त्याच्या पाठीवर छापलेली मुदत केव्हाच संपलेली. या यंत्रातला संवेदक काही वर्षांनी निकामी होतो. बटण दाबले की ते वाजते, पण ती बॅटरीची आणि भोंग्याची परीक्षा, वायूची नव्हे. इतकी वर्षे रुग्णालयात काढूनही मला हे उशिरा सुचले, याचे वाईट वाटते. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे आणि रात्री खोलीत पेटत्या ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीमुळे माणसे गेल्याच्या बातम्या आपल्याच वृत्तपत्रात दर हिवाळ्यात असतात. वायू तोच आहे.

दुसरी गोष्ट भडक्याची. आग्नेयेचा वारा सुटला की एखादा झोत धुराड्यात घुसतो आणि ज्योत विझते. तेल मात्र ठिबकतच राहते. तापलेल्या तळावर त्याची पांढरी वाफ जमते. अशा वेळी घाईने काडी लावू नका. झडप बंद करा, भांडे हाताला गार लागेपर्यंत थांबा, साचलेले तेल चिंधीने टिपून घ्या आणि मगच पेटवा. वेळ जातो, थंडी वाजते, तरी थांबा. पेटवायला पेट्रोल तर कधीच नको. भाजलेल्यांच्या कक्षात ‘स्टोव्हचा भडका झाला’ हे शब्द मी शेकडो वेळा केसपेपरवर वाचले. त्या शब्दांमागे आणखी काय काय दडलेले असे, ते मला ठाऊक आहे आणि तो विषय वेगळा. पण ज्या खरोखरच तापल्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतताना भाजल्या, त्यांचे हात मी स्वतः बांधले आहेत.

इथल्या शहरांतली भाडी न परवडल्यामुळे आपली तरुण मुले जुन्या बोटी विकत घेऊ लागली आहेत. पुण्याहून आलेले एक जोडपे गेल्याच महिन्यात आमच्याकडे चौकशीला आले होते. त्यांना सांगितले तेच लिहिते. बोट बघायला जाल तेव्हा मालकाला शेगडी तुमच्यासमोर, थंड असताना पेटवायला सांगा. तापायला वीस मिनिटे द्या आणि धक्क्यावर उभे राहून धुराड्याच्या टोकाकडे बघा. सुरुवातीला थोडा धूर येईल, नंतर नुसती हवा थरथरताना दिसली पाहिजे. मात्र पेटवण्याआधी, पाटी थंड असतानाच तिच्यावर थोडे पाणी ओता आणि ते कुठे जाते ते पाहा. इशाऱ्याचे यंत्र भिंतीवरून काढून त्याची तारीख वाचा.

पुढच्या रविवारी त्या लेखाखाली चार ओळींची दुरुस्ती छापावी, एवढी विनंती. जागा कमी असेल तर झरोका आणि यंत्राची तारीख, या दोनच गोष्टी छापा.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
व्हँकूवर बेट, कॅनडा